एक्केचाळीस मतांची मागणी

औषधांची खोकी छापणाऱ्या त्या कारखान्यात त्याला सगळे आर्टिस्ट म्हणत. शाळा सुटल्यापासून त्याने चित्र म्हणून एकही काढलं नव्हतं. खोक्याच्या कोणत्या बाजूला औषधाचं नाव, कोणत्या बाजूला मात्रा, आणि न दिसणाऱ्यांसाठी ब्रेलचे ठिपके कुठे उठवायचे, हे संगणकावर मांडून देणं एवढीच त्याची कला. त्यातही ठिपके त्याच्या जिव्हाळ्याचे, कारण घरात थोरली बहीण होती आणि तिला जन्मापासून दिसत नव्हतं.

पंचाईत अशी, की ज्या सॉफ्टवेअरवर तो हे सगळं करायचा, त्यात ब्रेलची सोयच नव्हती. नऊ वर्षांपूर्वी त्याने कंपनीच्या संकेतस्थळावर रीतसर मागणी नोंदवली. 'आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे,' असं उत्तर चार मिनिटांत आलं. त्यानंतर नऊ वर्षं काहीच आलं नाही. मागणीला एक्केचाळीस मतं पडली होती, त्यातली सहा त्याचीच, वेगवेगळ्या नावांनी दिलेली. खाली एका गृहस्थाने लिहिलं होतं, 'मला तर याची कधीच गरज पडली नाही.' दरम्यान कंपनीने काम संपलं की पडद्यावर फुलं उधळायची सोय केली. ती कोणी मागितली होती, देव जाणे. ती बंद करायची सोय मात्र पुष्कळांनी मागितली होती, आणि ती सूचनाही मोलाची होती.

शेवटी, तीन वर्षांनी, मदतीला आला तो एक परका माणूस. 'वटवाघूळ' असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी एक प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला बाहेरून चिकटवायचा जोडतुकडा, लिहून फुकट ठेवून दिला होता. औषधाचं नाव टाइप केलं की तो ठिपके करून द्यायचा, मग स्वतःच तपासून हिरवी खूण दाखवायचा. तरी आर्टिस्ट प्रत्येक कामाचा एक नमुना पुठ्ठ्यावर उठवून घरी न्यायचा आणि ताईच्या चहाच्या कपाशेजारी ठेवायचा.

"पोटातल्या जळजळीची गोळी. चघळायची," ताई बोट फिरवून म्हणायची. "बरोबर?"

"बरोबर."

"मग दर वेळी माझी परीक्षा कशाला घेतोस रे?"

त्या आठवड्यात ताई मामेबहिणीकडे गेली होती. सोमवारी सॉफ्टवेअरने कोणाला न विचारता स्वतःची सुधारणा करून घेतली. मंगळवारी रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं काम आलं आणि मालक टेबलाशी येऊन उभे राहिले.

"आर्टिस्टसाहेब, खोक्याचा साचा आज छपाईला गेला पाहिजे."

"शुक्रवारी ताई येतेय साहेब. एकदा तिचं बोट फिरलं की…"

"तुमच्या ताई आपल्या हजेरीपटावर आहेत का? हिरवी खूण आली ना?"

आली होती. सहा वर्षांत ताईने एकही चूक काढली नव्हती. त्याने साचा पाठवला. पडद्यावर फुलं उधळली.

ताईचा मुक्काम महिनाभर लांबला, आणि तेवढ्यात ठिपक्यांचं दुसरं काम आलं नाही. मग एका शुक्रवारी ती आली. त्याने सवयीने छापील खोकं पुढे ठेवलं.

"हे मागचंच दाखवतोयस. पोटाची गोळी, चघळायची."

"नाही ग. रक्ताची आहे."

"तुझ्या डोळ्यांना असेल."

तो तसाच कारखान्यात परत गेला आणि संगणक उघडला. सुधारलेल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडतुकड्याला नवं नाव वाचताच येत नव्हतं. मागच्या कामाचे ठिपके तसेच ठेवून, त्यांच्याशीच ताडून, तो इमानेइतबारे हिरवी खूण दाखवत होता. कारखान्यात ठिपके वाचणारं माणूस एकही नव्हतं. चाळीस हजार खोकी गोळ्या भरून दुकानांत गेली होती.

शनिवारी सकाळी तो मालकांसमोर उभा राहिला.

"छापलेलं नाव बरोबर आहे ना?" मालकांनी विचारलं.

"हो, पण ज्यांना दिसत नाही…"

"असे किती असतील? पुढच्या खेपेला दुरुस्त करू. तोंड उघडून आख्ख्या कारखान्याला कुलूप लावू नका."

त्याने औषध कंपनीला फोन केला. तिथल्या गोड आवाजाने तक्रार नोंदवून घेतली आणि दिवस चांगला जावो म्हटलं. सॉफ्टवेअर कंपनीला लिहिलं, तर या वेळीही चार मिनिटांत उत्तर: बाहेरच्या जोडतुकड्यांना आम्ही जबाबदार नाही, ही सोय मूळ सॉफ्टवेअरमध्ये हवी असल्यास कृपया मागणी नोंदवावी. मग त्याने वटवाघळाला लिहिलं. उत्तर त्याच्या बायकोचं आलं. 'हे गेल्या वर्षी गेले. त्यांच्या संगणकाचा पासवर्ड मला ठाऊक नाही. कुणाला खरंच उपयोग होत होता का त्याचा?'

फोन लावत बसली ती ताई. तिच्या अंध मुलांच्या शाळेतले सोबती, त्यांच्या ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे. दोन दिवसांत त्रेसष्ट फोन झाले. पियानोचे सूर जुळवणारा तिचा एक वर्गमित्र तेवढा फोन उचलत नव्हता. त्याच्या खणात दोन खोकी होती, एक पोटाच्या गोळीचं, एक रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं, दोन्ही बोटांना एकच सांगणारी. पोटात जळजळ झाली की तो हाताला येईल त्यातली गोळी चघळायचा. जळजळ वाढली, तशा गोळ्या वाढल्या. बुधवारी त्याच्या भाचीने उलट फोन केला, तो इस्पितळातून.

ताईने फोन खाली ठेवला. "गेला," ती म्हणाली. "रक्त थांबलंच नाही म्हणे."

आर्टिस्ट भिंतीला टेकून खालीच बसला. "मी काय करायचं बाकी ठेवलं होतं, ताई? नऊ वर्षं मागतोय ग त्यांच्याकडे. नऊ वर्षं! कोणी ऐकलं?"

"मी चाळीस वर्षं मागतेय."

"काय?"

"शिकून घे म्हणून. शाळेत होतास तेव्हा म्हटलं, या नोकरीला लागलास तेव्हा म्हटलं. ठिपके डोळ्यांनीसुद्धा वाचता येतात रे, आठ दिवसांचं काम आहे. काय म्हणायचास तू?"

तो 'बघू' म्हणायचा. कधी कधी 'नक्की बघू' म्हणायचा.

ताईने उत्तराची वाट पाहिली नाही. फोन पुन्हा मांडीवर घेतला.

"ऊठ. औषधांची दुकानं राहिलीत. यादी काढ आणि एकेक नंबर मोठ्याने वाच. तेवढं तुला येतं."