कानटोपी

विजयश्री चाकणच्या कंपनीत शिफ्टला गेली की तिची आठ महिन्यांची रेवा शेजारच्या लीलामावशींकडे असायची. मावशी मूळच्या केरळच्या, पण उभी हयात देहूरोडच्या शाळेत शिकवण्यात गेलेली.

त्या दिवशी विजयश्री लवकर परतली, तर आत खेळ रंगला होता. मावशी पाठमोऱ्या रेवाला "न, न, न" ऐकवत होत्या. मध्येच त्यांनी आणखी एक "न" म्हटला आणि पोर गर्रकन वळून खदखदून हसली.

"त्यात हसायचं काय?"

"हा न वेगळा गं. आमच्या भाषेत दोन आहेत. तिला बरोबर कळतं."

विजयश्रीनं चारदा ऐकलं. तिला दोन्ही सारखेच वाटले. पोटात वाढवली मी, आणि हिचं गुपित या बाईशी!

"वर्षाची होईपर्यंत बाळांना जगातले सगळे आवाज कळतात," मावशी म्हणाल्या. "मग घरातले तेवढेच उरतात."

घर म्हणजे कुणाचं, हे विचारायची विजयश्रीची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघताना तिनं रेवाला लोकरीची कानटोपी घातली आणि हनुवटीखाली करकचून गाठ मारली.

"वारं लागतं तिला," ती मावशींना म्हणाली. "अजिबात काढू नका."

बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत होतं.