बटणाची ढाल

मित्रांनो, मी एक जुने मालवाहू यान आहे. मात्र मला हात लावायला जाल, तर बोट काचेवर आपटेल. मी संगणकावरच्या खेळात उडते. माराकायबो शहरातल्या मायरेलिसने आठ महिने उल्कांमधले लोखंड खणून मला बांधले आणि नाव ठेवले चिनिता. आमच्या खेळात फुटलेले यान परत मिळत नाही, आणि तिच्याकडे माझ्याशिवाय दुसरे यान नाही.

दुपारी अरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी, खातखात ती कानाला हेडफोन लावते. दोन वर्षांपूर्वी परदेशी, सान्तियागोला गेलेला तिचा थोरला भाऊ एबेर्तो छोट्या यानातून माझ्या बाजूला येतो. दोघांची भेट होते ती अशी, माझ्या आडोशाला.

माझा गोंधळ झाला तो ढालीवरून. ढाल म्हणजे माझ्याभोवतीचे निळे कवच. खेळातले कुणी म्हणे आग अडवणारी लाव, कुणी म्हणे स्फोट अडवणारी. सोमवारी बसवलेली मंगळवारी उतरे. मी नक्की कशाला भ्यावे, हेच मला कळेना.

“हळू भरणारी राहू दे,” मायरेलिस म्हणाली. “ती आपली आपण भरते.”

“आजीबाईंची ढाल आहे ती,” एबेर्तो हसला. “बटणाची घे. मार बसला की दाब, क्षणात भरते. इकडे सान्तियागोत सगळे तीच लावतात.”

“आणि बटण दाबायला कुणी नसलं तर?”

“तू कुठे जाणार आहेस? केळी तळायला?”

मग तिने बटणाची बसवली.

तिसऱ्या दिवशी आम्ही चाच्यांच्या खिंडीतून निघालो. तोफा सुरू झाल्या. ती बटण दाबी, कवच भरे. मला वाटले, बरी आहे की ही ढाल.

“एबेर्तो, डावीकडून ये...” म्हणताम्हणता तिचा आवाज तुटला. बटणावरचा हात नाहीसा झाला. मी वाट पाहिली. माझे काय चुकले? रुसली का? कवच विरले, पत्रा जळू लागला. “बटण दाब, अगं बटण,” म्हणत एबेर्तोने आपले चिमुकले यान माझ्यापुढे घातले. ते फुटले. मालक निघून गेलेले यान थोड्या वेळाने आपोआप दिसेनासे होते, मग त्याला कुणी मारू शकत नाही. तेवढा वेळ त्याने मला मिळवून दिला.

चार तासांनी मायरेलिस आली. “लाईट गेली होती.”



“इकडे जात नाही गं,” एबेर्तो म्हणाला. “विसरलोच मी.”

“दोन वर्षांत?”

“सुरुवातीला सवयीने बादल्या भरून ठेवायचो, फोन चार्ज करून ठेवायचो. सगळे हसायचे. मग सोडलं.”

“मला वाटलं, तुला आठवेल.”

“आजीबाईंची लाव,” तो हळूच म्हणाला.

आता माझ्या अंगावर हळू भरणारी ढाल आहे. परवा पुन्हा तिचा आवाज मध्येच तुटला. चाच्यांनी मला ठोकले. कवच पातळ झाले, पुन्हा भरत गेले. एबेर्तो नव्या यानातून शेजारीच होता. ऐकायला तिकडे कुणी नव्हते, तरी तो बोलत राहिला, “येईल हं ती, चिनिता. लाईट आली की येईल.”

लाईट म्हणजे काय, मला अजून कळलेले नाही. माझ्याकडे तर चोहीकडे तारे आहेत. पण मित्रांनो, लांबच्या माणसाला ढाल सुचवण्याआधी त्याची दुपार कशी जाते, एवढे विचारा. एकेकाळी ठाऊक होते, तरी पुन्हा विचारा.