माझी सरकती भिंत

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडले तरी मला राग येणार नाही. पिंजऱ्याचे कौतुक कोणी का करावे? मी लोखंडी आहे, जुना आहे, आणि गंजाने माझे अंग पोखरले आहे. सध्या एका झाडाखाली पडून असतो. तरी पाच मिनिटे थांबा आणि माझे ऐका.

माझा जन्म एका वर्कशॉपमध्ये झाला. वेल्डरने चार दिवस खपून माझे गज जोडले आणि कानशीने सगळ्या कडा घासून गुळगुळीत केल्या. "कोणाला लागायला नको," असे तो शेजारच्या फिटरला म्हणाला. भला माणूस! आपण काय बनवतो आहोत, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

माझी खरी करामत म्हणजे माझी मागची भिंत. बाहेरचे हँडल फिरवले की ती पुढे सरकते. आत जो असेल तो पुढच्या गजांवर दाबला जातो, त्याला हलता येत नाही, आणि बाहेरच्याला सुई टोचणे सोपे जाते. मला प्रयोगशाळेत आणले तेव्हा मोठ्या साहेबांनी स्वतः हँडल फिरवून पाहिले. "वा! चार माणसांचं काम आता एकटी बाई करेल," ते म्हणाले. माझी छाती फुगली. आपले कौतुक कशासाठी होते आहे, हे विचारायची अक्कल मला तेव्हा नव्हती.

ती एकटी बाई म्हणजे मावशी. पिंजरे धुणे, खाणे घालणे आणि हँडल फिरवणे हे तिचे काम. माझ्या वाट्याला एक लहानशी माकडीण आली. माझ्या दारावर सत्तावीस आकडा होता, म्हणून तिचे नावही सत्तावीस. पहिल्या दिवशी भिंत पुढे आली तेव्हा ती किंचाळली, आणि तिच्या छातीची धडधड माझ्या गजांना जाणवली. लोखंड बिचारे काय करणार, अशी मी मनाची समजूत घातली. मावशीनेही घातली. "मी नाही फिरवलं तर दुसरं कोणी फिरवेल गं," ती तिला म्हणाली.

सत्तावीस हुशार निघाली. हँडल किरकिरले की लगेच हात बाहेर काढायचा, मग भिंत पुढे येत नाही, हे ती वर्षभरात शिकली. हात बाहेर, सुई आत, मग तळहातावर एक शेंगदाणा. रोज सकाळी दहाला. साहेब पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने दाखवत, "बघा, स्वतःहून हात देते. किती समजूतदार आहे!"

अशी चौदा वर्षे गेली. ज्या औषधासाठी या सुया टोचल्या, ते सापडले की नाही, हे मला कोणी सांगितले नाही. ती म्हातारी झाली, कामाची उरली नाही, तेव्हा अशा प्राण्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेने तिला मागून घेतले. तिथे झाडे होती, तळे होते, उंच जाळीचे भलेमोठे आवार होते. ती माझ्यातून निघेना, म्हणून मलाही उचलून नेले. त्याच वर्षी निवृत्त झालेली मावशी पाठोपाठ तिथे कामाला आली. का आली, हे तिने कोणाला सांगितले नाही. मला ते विचारावे लागले नाही.

मला आवारात ठेवून माझे दार उघडले. सत्तावीस बाहेर आली नाही. आठ दिवस गेले, महिना गेला. ती दाराकडे बघतच नसे. तिची नजर सदा माझ्या मागच्या भिंतीवर. "आजीबाई, या की बाहेर," मावशी विनवायची. "आता कोणी काही करत नाही हो."

मग त्या नव्या आवाराच्या उद्घाटनाचा दिवस आला. पाहुणे, हार, कॅमेरे, सगळे जमले. संस्थेचे अध्यक्ष मनाने वाईट नव्हते, पण त्यांना घाई होती.

"मावशी, लोक उन्हात ताटकळलेत. याची मागची भिंत सरकते ना? दोन वेढे फिरवा, म्हणजे येईल बाहेर."

"अहो, नको. येईल ती हळूहळू."

"एकदाच हो! तिच्याच भल्यासाठी आहे ना?"

जन्मभर मान खाली घालून काम केलेली बाई ती. तिने हँडल धरले. मी किरकिरलो.

मित्रांनो, दार सताड उघडे होते, वीतभर अंतरावर. सत्तावीस दाराकडे गेली नाही. ती गजांपाशी बसली, डोळे घट्ट मिटले आणि हात बाहेर काढला.

"अय्या, शेकहँड करतेय!" एक पाहुणी म्हणाली आणि तिने तो हात हातात घेतला. टाळ्या पडल्या. मावशीने हँडल सोडले.

"शेकहँड नाही हो, बाई," ती रडत म्हणाली. "सुई टोचा म्हणतेय ती. हे मीच शिकवलंय तिला."

टाळ्या थांबल्या. फोटो मात्र छापून आला.

त्याच दुपारी मावशीने पाना आणला आणि माझी मागची भिंत, हँडलसकट, काढून टाकली. मला इतके हलके कधीच वाटले नव्हते. बाराव्या दिवशी सत्तावीसने त्या रिकाम्या जागेतून हात फिरवून पाहिला, आणि तिकडूनच, पाठीमागून, ती बाहेर पडली. दारातून नाही.

इथेच गोष्ट संपली असती तर मीही हसून तुमचा निरोप घेतला असता. पण ती रोज सकाळी दहाला परत येते. बाहेर उभी राहून माझ्या गजांतून हात आत घालते. आत कोणी नसते. मावशी तळहातावर शेंगदाणा ठेवते, पण ती मूठ मिटत नाही. आधी सुई टोचायला हवी ना! बराच वेळ वाट पाहते, मग कुठे खाते.

अध्यक्षांना मला रंगवून फाटकाशी ठेवायचे आहे. मावशी ठेवू देत नाही. "तो इथून हलला तर ती हात कुठे घालेल?" असे ती म्हणते. म्हणून मी अजून आहे.

जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला नेहमी सांगतात. माझी विनंती उलटी आहे. सत्तावीस गेली की मला जपू नका. रंग देऊ नका, तेल घालू नका. भंगारात काढा, वितळवा, माझी बादली करा, खिळे करा. फक्त माझ्यासारखा दुसरा करू नका, आणि कोणी करायला सांगितलाच, तर आत कोण बसणार आहे, एवढे आधी विचारा.

दहा वाजत आले. ती बघा, येते आहे.