मास्तरांचा हात गळ्यात

एराक्लियो बारीआ मास्तर धक्क्याच्या उतारावर घसरले आणि उजवं मनगट मोडून बसले, तेव्हा शाळेतली नाव अर्धीच झाली होती.

चिलोए बेटावरच्या त्या शाळेत शेवटच्या वर्षाच्या सहा मुलांना ते सुतारकाम शिकवायचे. साधं टेबल-खुर्ची नाही, अख्खी सहा मीटरची वल्ह्याची नाव. डिसेंबरात परीक्षा, आणि परीक्षा म्हणजे नाव पाण्यात उतरवायची. मास्तरांनी पस्तीस वर्षं होड्या बांधल्या होत्या, शाळेत येऊन मात्र दोनच वर्षं झाली होती. शिकवायची त्यांची एकच रीत. मुलगा रंधा चुकीचा धरतोय असं दिसलं, की "सोड, सोड, आण इकडे!" म्हणून रंधा हिसकावून घ्यायचे आणि स्वतःच काम उरकून टाकायचे. काम अगदी फक्कड व्हायचं. मुलं बाजूला उभी राहून मुकाट बघायची.

आता हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये आणि प्लॅस्टर गळ्यात. मुख्याध्यापिका इर्माबाई म्हणाल्या, "मास्तर, नाव पुढच्या वर्षी पुरी करू. मुलांना लेखी परीक्षा देऊ."

मास्तर मान डोलावणार इतक्यात यास्ना पुढे आली. यास्ना नावेल्किन ही एका मासेमाराची मुलगी, सतरा वर्षांची, बोलायला फटकळ.

"बाई, मास्तरांचा हात मोडलाय. तोंड नाही मोडलं."

इर्माबाई हसू दाबत निघून गेल्या आणि लेखी परीक्षेचा विषय तिथेच संपला.

पण तोंडाचंच तर सगळं अवघड होतं. पहिल्याच दिवशी इवारिस्तो फळी तासत होता आणि मास्तर शेजारी उभे राहून तळमळत होते.

"जरा असं घे."

"असं म्हणजे कसं, मास्तर?"

"अरे असं! थोडं तिरकं."

"थोडं म्हणजे किती?"

मास्तरांनी डाव्या हाताने हवेत काहीतरी करून दाखवलं. इवारिस्तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "समजलं. माशी हाकलायची." सगळी कार्यशाळा खदखदली. मास्तरांचे कान लाल झाले, पण खरं सांगायचं तर त्यांनाही हसू आलं.

घरी ते चुलीपाशी बसून शब्द जुळवू लागले. बायको रुदेलिंदा मिलकाओच्या भाकरीसाठी कच्चे बटाटे किसत होती. "रंधा रडका आवाज करतोय, म्हणजे तू लाकडाच्या रेषांच्या उलटा चाललायस. फळी फिरवून घे," असं ते तिलाच सांगायचे.

"अहो, चाळीस वर्षांत एवढं बोलला नाहीत माझ्याशी," ती म्हणाली. "दुसराही हात मोडून घ्या, म्हणजे गाणंही म्हणाल."

हळूहळू जमू लागलं. मास्तर डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगायचे, "कोण ते? पटाशीला धार नाही." मुलं चाट पडायची. ती चुकायची, लाकूड वाया जायचं, मास्तर डाव्या मुठीने मांडी बडवून घ्यायचे. पण फासळ्यांवर एकेक फळी चढत गेली, आणि प्रत्येक फळी मुलांच्या हातची होती.

राहिली ती नाकाडाजवळची, नावेच्या पुढच्या टोकाची फळी. ही सगळ्यांत अवघड, कारण तिला वाकही द्यायचा आणि पीळही. सरूच्या लाकडाची ती फळी तासभर वाफेच्या पेटीत शिजवायची, बाहेर काढली की मिनिटभरात जागेवर बसवायची. गार झाली की ती कुणाचं ऐकत नाही.

पेटी उघडली. वाफेचा लोट आला. मुलं जाड हातमोजे घालून फळी घेऊन धावली.

"दाबा! जोर लावा! अजून!" मास्तर ओरडले.

कडाड्!

फळी मधोमध फाटली. मास्तर खाली बसले. इतकी वर्षं फळी किती सोसते ते त्यांच्या तळव्यांना कळायचं. आज तळवा प्लॅस्टरमध्ये होता.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी घाई केली."

मास्तरांच्या तोंडून असलं काही मुलांनी पहिल्यांदाच ऐकलं. तेवढ्या लांबीची आता एकच फळी शिल्लक होती.

"आता काय करायचं?" मास्तरांनी विचारलं. विचारलं, सांगितलं नाही.

यास्नाने दोन्ही तुकडे उचलले, फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "इथे गाठ होती. दुसऱ्या फळीची गाठ टोकाशी आहे, ती मागे ठेवू. आणि मास्तर, आपण आधी वाकवली. आधी पिळायला हवी. पीळ बसला की मग हळूहळू वाकवायची."

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. तेही आयुष्यभर असंच करत आले होते. पण ते कधी शब्दांत आलंच नव्हतं, कारण ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. हात मोडायच्या आधी तुम्ही माझ्या हातून वाफाळती फळी ओढून घेतली होती ना, तेव्हा. दुसरं काम नव्हतं, म्हणून तुमच्या खांद्यांकडे बघत होते."

"शिव्या घालत असशील मनात."

"त्याही घातल्या. पण बघत होते."

दुसऱ्या दिवशी पेटी पुन्हा तापली. या खेपेला हुकूम यास्नाने सोडले. मास्तर एवढंच म्हणत राहिले, "सावकाश... घाई नाही... ती येतेय, येऊ दे." फळी कुरकुरली, पिळली, वळली आणि नाकाडाला चपखल जाऊन बसली. इवारिस्तोने शिकंजा आवळला आणि तिथेच नाचायला सुरुवात केली. मास्तर प्लॅस्टरसकट नाचले. आवाज ऐकून धावत आलेल्या इर्माबाईंनाही मुलांनी ओढलं.

डिसेंबरात बैलांच्या दोन जोड्यांनी नाव वाळूवरून ओढत आणली. सगळं गाव जमलं होतं. प्लॅस्टर निघालं होतं, मनगट अजून नाजूक होतं. नाव पाण्यात तरंगली आणि लगेच फळ्यांच्या फटींतून पाणी झिरपू लागलं. नव्या नावेचं लाकूड पाणी पिऊन फुगतं, मग फटी आपोआप मिटतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक. तरीही कुणीतरी ओरडलंच, "मास्तर, ही होडी की चाळणी?"

"दोन दिवसांनी ये, तुला बसवून नेतो!" मास्तरांनी तिथूनच सुनावलं.

मुलांनी त्यांना नावेत मागच्या फळीवर बसवलं. सवयीने त्यांचा हात वल्ह्याकडे गेला.

"हात मागे!" यास्ना ओरडली.

"अगं, मी नुसतं..."

"मास्तर, तुमच्यासाठी वेगळं काम ठेवलंय," म्हणत इवारिस्तोने त्यांच्या डाव्या हातात पत्र्याचा डबा दिला. "पाणी उपसा."

सहा मुलं वल्ही मारू लागली. किनाऱ्यावर बायका रुमाल हलवत होत्या, कुत्री भुंकत होती. एराक्लियो बारीआ मास्तर घोट्याएवढ्या पाण्यात पाय बुडवून बसले होते, हसत हसत डब्यामागून डबा समुद्रात रिकामा करत होते.