वीस सेकंदांनी येणारं उत्तर

कार्तिक महिन्यात माझी बायको दिवसाला सरासरी नऊ शब्द बोलली. हा आकडा अंदाजाचा नाही, मी वही ठेवली होती. नुसतं ‘हूं’ मी मोजत नसे. ते धरलं असतं तर सरासरी चौदावर गेली असती. नवातला एक शब्द ‘अवो’ असे. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यापुरतं एकदा घेते आणि नंतर जन्मभर ‘अवो’ म्हणते.

सुभद्रेला काय झालं होतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. ताप नव्हता. नाडी मी रोज मोजत होतो, ती ठीक होती. श्रावणात एकदा ती जात्यावर बसली आणि दळण अर्धं टाकून भिंतीकडे बघत राहिली. तेव्हापासून ती तशीच होती. सांगितलेलं काम करी, नाही सांगितलं तर असेल तिथे बसून राही. माझी आई भिवराबाई म्हणाली, बाहेरचं लागलंय, आणि तिने अंगारा आणला. मी बीडच्या एका हकिमांकडून माजून, म्हणजे त्यांचं गोड चाटण, आणली. सुभद्रेने ती दोन दिवस चाटली आणि तिसऱ्या दिवशी अख्खी डबी म्हशीच्या दावणीत रिकामी केली. त्या दिवशी म्हशीने शेरभर दूध जास्त दिलं असं आई सांगत असे, पण मी ते मोजलं नव्हतं.

मग मी माझा मार्ग धरला. हैदराबादला विज्ञान शिकून मी बीडच्या शाळेत मास्तर झालो होतो आणि आमच्या पाली गावाहून रोज सायकलने जात-येत होतो. मनाचं दुखणं औषधाने जात नाही, सवयींनी जातं, असं मी एका इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं. त्याप्रमाणे वेळापत्रक केलं. पहाटे गार पाण्याने अंघोळ, अर्धा तास कोवळ्या उन्हात बसणं, ओढ्यापर्यंत चालणं आणि संध्याकाळी मी वाचून दाखवीन ते एक पान ऐकणं. शेवटी माझा ठरलेला प्रश्न असे, “आज कसं वाटतंय?”

“बरं हाय,” ती म्हणे. नवातले दोन शब्द इथे खर्च होत.

असे चौऱ्याहत्तर दिवस गेले. मग पौष लागला. ज्वारीच्या कणसांत दाणा भरायला आला आणि भोरड्यांचे थवे उतरू लागले. भोरडी हा दिसायला देखणा, गुलाबी पोटाचा पक्षी आहे, पण एक थवा सकाळच्या वेळात वाफाभर कणसं पोकळ करतो. आमच्या राखणीला बसणारा म्हाळू सोयऱ्यांकडे गेला तो परतलाच नव्हता. आईने तोड काढली.

“हिला बसवू माळ्यावर,” ती म्हणाली. “भित्ताडाकडं बघती ती पाखराकडं बघंल.”

“आई, ती आजारी आहे.”

“मग? माळ्यावर काय नांगर वढायचाय व्हय?”

शेताच्या मधोमध चार खांबांवर उभा केलेला, ज्वारीच्याही वर डोकं काढणारा तो माळा. सुभद्रा शिडीने वर चढली. सोबत गोफण आणि रॉकेलचा रिकामा डबा. तीन दिवस ती नुसता डबा बडवत होती. चौथ्या दिवशी मी शाळेतून आलो तर आई दारातच उभी.

“सूनबाई वरडली रं! वढ्यापतुर ऐकू आलं!”

“काय ओरडली?”

“आता वरडली म्हंजी वरडली. पाखराला काय श्लोक म्हनत्यात?”

मी वहीत प्रश्नचिन्ह मांडलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. गार पाणी, ऊन, वाचन हे सगळं मी अडीच महिने चालवलं होतं, आणि तिचा पहिला मोठा आवाज मी चार कोसांवर फळ्यापुढे उभा असताना निघाला होता.

त्या काळी हैदराबाद संस्थानात शुक्रवारी शाळेला सुट्टी असे. त्या शुक्रवारी मी कुणाला न सांगता बांधाच्या आड जाऊन बसलो. कॉलेजात बक्षीस मिळालेलं, सेकंदकाटा असलेलं घड्याळ जवळ होतं. थवा आला. सुभद्रेने गोफण फिरवली आणि ओरडली, “घेऽऽ! धाडल्या तुझ्याकडं! संबाळ!”

‘तुझ्याकडं’ कुणाकडे, हा विचार मी करतोय तोवर ओढ्यापलीकडच्या ज्वारीतून पुरुषाचा आवाज आला. भरदार, मोकळा आवाज होता तो.

“आ गयी क्याऽऽ? कब से राह देखरौंऽऽ!”

आणि सुभद्रा हसली. माझ्या वहीत हसण्यासाठी रकानाच नव्हता.

मी त्या सकाळी पाच वेळा वेळ मोजली. तिची हाक आणि त्याचं उत्तर यांत एकोणीस, वीस, वीस, बावीस आणि एकोणीस सेकंद गेले. पलीकडचं शेत साडेतीनशे पावलांवर होतं. एवढं अंतर तोडायला आवाजाला एक सेकंदही लागत नाही. मग उरलेले एकोणीस सेकंद हा माणूस काय करत होता? मी एकच अनुमान काढलं. तो शब्द जुळवत होता. माझ्या बायकोला काय बोललं म्हणजे ती हसेल, याचा विचार करायला तो एकोणीस सेकंद घेत होता.

थवे थांबले तेव्हा तर ती त्या शेताकडे तोंड करून नुसतीच बोलू लागली. सगळं ऐकू आलं नाही. एवढं आलं: “सकाळी उठायचं म्हनजे छातीवर जात्याचा दगड ठिवल्यावानी हुतं बघ. लई जड. डोळं उघडलं की पयलं त्येच. वाटतं, आज बी हाय का मी.”

चौऱ्याहत्तर संध्याकाळी मी विचारलं होतं. मला ‘बरं हाय’ मिळालं, आणि जात्याचा दगड त्याला मिळाला.

“पलीकडच्या शेतात राखणीला कोण असतं?” जेवताना मी आईला शक्य तितक्या सहज विचारलं.

“यंदा बीडच्या मुसलमानानं बटईनं केलंय. कोन बसतं काय ठाव. पर गळा काय हाय बाबा त्याचा!”

सुभद्रा भाकरी मोडत होती. मान वर केली नाही. मला वाटलं तिच्या गालावर काही हललं. दिव्याचा उजेडही असू शकेल.

पुढचे सहा दिवस मी शाळेत मुलांना तराजू शिकवत होतो आणि मनात तो माणूस रचत होतो. पंचविशीचा असावा, दाट मिशीचा. डोक्याला तिरपा रुमाल. रोज त्याला एखादी नवी गोष्ट मिळत गेली. बुधवारपर्यंत त्याच्याकडे घोडासुद्धा आला. गुरुवारी म्हाळू परतला आणि मी सुभद्रेला सांगितलं, “उद्यापासून म्हाळू बसेल.”

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. “कावून?”

“थंडी फार आहे.”

“मला न्हाई वाजत.”

“तरी नको.”

दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. आईने हाका मारल्या, मी हात धरून बसवलं, ती पुन्हा भिंतीकडे वळली. शुक्रवारी चार शब्द. शनिवारी एक. रविवारी मी वही उघडली आणि शून्य लिहिलं. टाकातली शाई वाळेपर्यंत मी त्या शून्याकडे बघत होतो. हे कशाने झालं ते मला स्पष्ट कळत होतं. प्रयोगात एकच गोष्ट बदलली होती आणि ती मी बदलली होती. तिला परत माळ्यावर पाठवायला एक वाक्य पुरे होतं. पण त्या माणसाला बघितल्याशिवाय ते तोंडातून निघेना.

सोमवारी शाळा बुडवून मी ओढा ओलांडला.

पलीकडच्या माळ्यावर सत्तरीचा म्हातारा बसला होता. पांढरी दाढी, अंगावर घोंगडी. मी खालून दोनदा हाक मारली, तो वळला नाही. इतक्यात आमच्या बाजूने म्हाळूने थवा उठवला. म्हाताऱ्याने डोळ्यांवर हात धरून तो येताना पाहिला, डोक्यावर येऊ दिला आणि मग गर्जना केली, “आ गयी क्याऽऽ? कब से राह देखरौंऽऽ, हरामखोर!”

मी घड्याळ पाहिलं होतं. वीस सेकंद. आवाजाला लागणारा वेळ मी बरोबर काढला होता. पाखरांना लागणारा काढायचं मला सुचलंच नव्हतं. तो भोरड्यांशी बोलत होता. ‘हरामखोर’ मात्र वाऱ्यामुळे आमच्या बांधापर्यंत पोचत नव्हतं.

पाठीमागून एक म्हातारी भाकरीचं फडकं घेऊन आली. ती त्याची बायको, आमिनाबी.

“नक्को पुकारू मास्तर,” ती म्हणाली. “उनकू सुनाई नै देता. खदानीत सुरुंग लावत होते. बीस बरस हुए.”

“काहीच नाही?”

“मैं रोज गाली देतूं, तो हौ हौ बोलते. इससे जादा क्या सबूत होना तुमकू?”

म्हाताऱ्याला आता मी दिसलो. तो झुकून मोठ्याने म्हणाला, “दाना अच्छा है इस साल!” मी मान हलवली. मग त्याने आमच्या शेताकडे बोट केलं. “उधर बाई बैठती थी. लाल लुगडेवाली. हात हिलाती थी. चार रोज से नै दिखती. बीमार है क्या?”

मी तसाच ओढ्याकडे वळलो. मत्सर तिथेच गळून पडायला हवा होता. गळाला नाही. तिचं नसणं त्याच्या लक्षात आलं होतं.

घरी आलो तो मनात एक वाईट सुख घेऊन. सुभद्रा तशीच भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी उभ्यानेच म्हणालो, “तुझा तो ओढ्यापलीकडचा म्हातारा बहिरा आहे. तुझं एक अक्षर त्याने ऐकलेलं नाही.”

ती भिंतीशीच बोलल्यासारखी म्हणाली, “ठाव हाय.”

“कधीपासून?”

“पयल्यांदा वरडले त्याच दिशी. मी वरडले, तुमच्या कोपीला आग लागलीया, पळा. त्यानं मान बी वळवली न्हाई.”

“मग त्याच्याशी बोलतेस कशाला?”

“म्हनून तर.” ती कुशीवर वळली. चार दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा मला दिसला. “अवो, मी तोंड उघडलं की तुमचा हात खिशाकडं जातो. वहीकडं. मग मला वाटतं, आता बरं झाल्यालं सांगाया पायजे. न्हाई झाले तर मास्तर नापास करत्याल.”

माझा हात तेव्हा खरोखरच खिशात होता. मी तो बाहेर काढला. त्याचं काय करावं ते कळेना.

“उद्या माळ्यावर जा,” मी म्हणालो. थोड्या वेळाने विचारलं, “माझ्याशी कधी तसं बोलशील?”

“तुमाला बहिरं हुता यील?” ती म्हणाली. ती थट्टा होती की नाही, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन उठली. चांगली झाली असं नव्हे. शिडी चढताना दोनदा थांबली, आणि बुधवारी निम्मा दिवस नुसतीच गुडघ्यांत डोकं घालून बसली होती असं म्हाळूने सांगितलं. पण गुरुवारी दुपारी ओढ्यापर्यंत आवाज आला.

शुक्रवारी मी वही घरीच ठेवली. आईच्या देव्हाऱ्यातून वातींचा कापूस घेतला, शेतावर गेलो, तिच्या देखत त्याचे दोन बोळे केले आणि कानांत घातले. ती बघत राहिली. मी वर चढून तिच्याकडे पाठ करून बसलो.

जग एकदम बंद झालं. थवा उठला तो फक्त दिसला. ती ओरडली ते फळीच्या थरथरण्यातून कळलं. पलीकडे म्हाताऱ्याने तोंड उघडलं आणि तिने हात हलवला, हे मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि मला ते आवडलं नाही. मग थवे थांबले. फळी मंद मंद हलू लागली, बोलणाऱ्या माणसाच्या बसण्याने हलते तशी. ती हलायची, थांबायची, पुन्हा हलायची. पाव तास झाला. ती बोलत होती, आणि मी सोडून सगळं शिवार ते ऐकत होतं. बांधावरच्या बाभळीचासुद्धा मला हेवा वाटला.

डाव्या कानातला बोळा सैल झाला होता. वाऱ्याचा थोडा आवाज आला, डब्याची कडी वाजली, आणि मग अगदी जवळून, स्पष्ट, लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा, मला माझं नाव ऐकू आलं.

“...आन् ह्यो तिरंबक—”

पुढचं वाक्य सुरू झालं होतं. मी हात वर केला आणि बोळा घट्ट दाबून बसवला.