दुसऱ्या हलासकाकू

"काकू, मला शू लागली," असं त्या बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या तेव्हा मी साखळी पुलावरच्या दगडी सिंहांबद्दल सांगत होते. बाई चाळिशीच्या, गळ्यात रेशमी रुमाल, पायातले बूट आमच्याकडे नुसते दुकानाच्या काचेत दिसतात तसले. मी बत्तीस वर्षांची. यांची काकू मी कुठून झाले?

पूल ओलांडून राजवाड्याच्या टेकडीवर चढेपर्यंत उलगडा झाला. बाईंचं नाव सारोल्ता. छप्पन्न साली, रशियन रणगाडे आले त्या गोळीबाराच्या दिवसांत, मावशीच्या कडेवर बसून देशाबाहेर गेल्या तेव्हा त्या चार वर्षांच्या होत्या. पुढे कॅनडात मावशीनं घरात इंग्रजीच लावली. त्यामुळे त्यांची हंगेरियन चार वर्षांवर थांबली ती थांबलीच. भूक लागली, पाय दुखले, ते काय आहे, हे माझं आहे, एवढंच. आणि समोरची कुठलीही मोठी बाई म्हणजे काकू.

बुडापेस्टमध्ये लोकांना गाव दाखवण्याचं काम मी नऊ वर्षं करतेय. सीमा उघडल्याला आता तीन वर्षं होतील, आणि तेव्हापासून ही एक नवी जमात यायला लागलीय. त्यांना मच्छीमारांचा बुरूज दाखवा, राजांचा अभिषेक व्हायचा ते देऊळ दाखवा, लक्ष नसतं. दुपार झाली की पर्समधून घडी घातलेला कागद निघतो, "फक्त हे एक घर बघायचंय." खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा. आम्ही इथं राहून सगळं सोसलं, आणि हे येणार, जिन्यात बसून रडणार, फोटो काढणार, निघून जाणार.

सारोल्ताबाईंनी कागद काढला तो बुरुजाखालच्या कॉफीच्या दुकानात. तोवर त्या दोन ल्यांगोश, म्हणजे आमच्या तळलेल्या रोट्या, खाऊन बसल्या होत्या, मलई हनुवटीला लागली होती.

"काकू, हे घर कुठे?"

मी न बघताच हात पुढे केला. मग वाचलं. हलास देनेश्ने, तुतीगल्ली, अकरा नंबर, दुसरा मजला, दार चार.

मी परत वाचलं. तुतीगल्ली, अकरा नंबर, दुसरा मजला, दार चार हे माझं घर. सकाळी मी तिथूनच निघाले होते, खिडकीत मोजे वाळत घालून. आणि हलास देनेश्ने म्हणजे माझी आई.

"ही कोण तुमची?" मी विचारलं.

"ती माझी आई," सारोल्ताबाई म्हणाल्या.

आई जाऊन वर्ष झालं होतं. शेवटचे आठ महिने मी तिला उचलून न्हाऊ घातलं होतं, तिच्या अंगावरचा तीळ न् तीळ मला माहीत होता. आणि तिला माझ्याआधी एक मुलगी होती? ती तिनं परदेशी धाडली आणि मला एका शब्दानं बोलली नाही?

"तुमची आई ती माझी आई आहे," मी कशीबशी म्हणाले. "मी इबोया हलास. बाई, ती गेली. मागच्या वर्षी."

सारोल्ताबाईंना "गेली" कळेना. "कुठे गेली?"

हे चार वर्षांच्या पोरीला कसं सांगतात, मला माहीत नव्हतं. म्हणून मी टॅक्सी केली आणि त्यांना स्मशानात नेलं.

बाबांच्या कबरीच्या दगडावर त्यांचं नाव, त्याखाली आईचं. हलास देनेश, हलास देनेश्ने. सारोल्ताबाई नव्या बुटांनिशी चिखलात गुडघ्यावर बसल्या आणि बोटानं एकेक अक्षर लावत राहिल्या. मी मागे उभी. रागही येत होता आणि ही बाई माझी बहीण आहे म्हणून त्यांना चिखलातून उठवावंसंही वाटत होतं. तेवढ्यात त्यांचं बोट आकड्यांवर थांबलं.

"सदतीस," त्या म्हणाल्या. मग बोटं मोजायला लागल्या. "काकू, मी बावन्नची."

आई सदतीसची. म्हणजे पंधराव्या वर्षी बाळंत? आणि तीही खेड्यात, कारण आई शहरात आली ती अठ्ठावन्न साली, लग्न एकोणसाठला. घोड्यांचा बाजार भरतो त्या तिच्या गावातून बाहेर पडण्याआधी तिनं आगगाडीसुद्धा पाहिली नव्हती, हे तर ती हसत हसत सांगायची.

"मावशी म्हणायची, आई तिच्याहून मोठी," सारोल्ताबाई म्हणाल्या. "मावशी तीसची. ही आई नाही." दगडावर ठेवलेली फुलं त्यांनी उचलली, परत ठेवली, परत उचलली. दुसऱ्याच्या खाऊला चुकून हात लावावा तसा चेहरा झाला होता त्यांचा.

मग मला कळलं. स्मशानातल्या बाकावर मी धपकन बसले.

आमच्याकडे लग्न झालं की बाईचं आडनावच नव्हे, पाळण्यातलं नावही जातं. नवऱ्याचं सगळं नाव घ्यायचं, त्याला "ने" जोडायचं, झाली ती बाई. घटस्फोट झाला तरी कागदोपत्री तेच राहतं. आणि नवऱ्यानं दुसरी केली तर तिचंही नाव तेच, अक्षरही इकडचं तिकडे नाही.

आणि दुसऱ्या हलास देनेश्नेला मी आठ वर्षांची असल्यापासून ओळखत होते.

महिन्या-दोन महिन्यांनी आई एखादं पाकीट हातात द्यायची. मतदार यादीची चिठ्ठी, दवाखान्याचं बोलावणं, असलं काहीतरी. "पोस्टमननं चुकून टाकलंय. जा, त्या दुसऱ्या हलासकाकूंना देऊन ये." मी ट्रामनं मार्गित पूल ओलांडून पलीकडे जायची, तीन जिने चढायची. काकू दार उघडायच्या, खसखशीच्या रोलचा तुकडा द्यायच्या आणि दर खेपेला विचारायच्या, "काही आलंय का गं बाहेरून?"

"नाही काकू," मी म्हणायची. मला वाटायचं, कुणी नातेवाईक कॉफी-बिफी पाठवत असेल.

एका नावाच्या दोन बायका आमच्याकडे पैशाला पासरी. आमच्याच जिन्यात तिघी कोवाच इश्त्वान्ने होत्या, दुधाच्या बाटल्यांवरून भांडायच्या. म्हणून या चोवीस वर्षांत मला एकदाही प्रश्न पडला नाही की त्या बाईची पत्रं आमच्याच दारात का येतात. ज्या घरात ती कधी राहिली नाही, त्या घराच्या पत्त्यावर तिचं सरकारी पाकीट कसं येईल? म्हणजे ती इथं राहिली होती, माझ्या आईच्या आधी, बाबांची पहिली बायको म्हणून. एवढी साधी गोष्ट. लोकांना मी या शहरातला दगड न् दगड सांगते आणि स्वतःच्या दारावरची पाटी मला वाचता आली नाही.

"तुम्ही कधी पत्र लिहिलं होतं?" मी विचारलं.

"खूप," सारोल्ताबाई म्हणाल्या. "आधी मावशी लिहायची. मग मी. नाताळला, आईच्या नावाचा सण असतो त्या दिवशी. मी सतरा होईपर्यंत. आईनं नाही लिहिलं. मावशी म्हणाली, आई मेली किंवा आईला आपण नको." त्यांनी नाक पुसलं. "मी राणीचं तिकीट लावायची. निळं."

मी त्यांना घरी आणलं. दुसरं काही सुचेना. त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, आणि मी आत कपाटापाशी गेले, कारण निळी राणी मला माहीत होती.

माझ्या लहानपणी आईनं मला तिकिटांची वही करून दिली होती. वर्गात एवढी परदेशी तिकिटं कुणाकडे नव्हती. "कचेरीतल्या बायका देतात," आई म्हणायची. किटलीच्या वाफेवर धरून ती इतक्या नाजूक हातानं काढायची की कडेचा एक दातसुद्धा तुटायचा नाही. मी शेजारी स्टुलावर बसून बघायची. पाकिटाचं पुढे काय व्हायचं, ते मी कधी पाहिलं नाही. स्टुलाच्या मागेच शेगडी होती.

वही उघडली. तीन पानं भरून राण्या. निळ्या, जांभळ्या, हिरव्या. शिक्क्यांत गावाचं नाव, हॅमिल्टन, सगळ्यांवर तेच. शेवटच्या तिकिटाचा डिंक सुटला नव्हता, म्हणून आईनं ते पाकिटाच्या कागदासकट कापलं होतं. त्या कागदावर कडेला लाल खडूची एक रेघ होती, वळलेली. लहानपणी मला ती पोस्टाची खूण वाटायची. आता दिसलं की तो अर्धा बदाम आहे. कुणा पोरीनं पाकिटावर काढलेला.

मनात आलं ते सांगूनच टाकते. वही परत फळीवर ठेवावी, बाहेर जाऊन म्हणावं की पोस्टात गहाळ झाली असतील, त्या काळी व्हायचीच. या बाईला तिच्या आईच्या दारात नेऊन सोडावं आणि माझ्या आईला मातीत निवांत पडू द्यावं. मेलेल्या माणसाला काय बोल लावायचा? बाबा नकाशांच्या कचेरीत होते, घरात परदेशी पत्र येतं हे कळलं असतं तर नोकरी गेली असती, घरही गेलं असतं. आई घाबरली असेल. हे सगळं मी कपाटाला टेकून मनाशी म्हणून बघितलं.

पण ती मला पाठवायची ना तिकडे. सरकारी पाकीट पोचवायची, वेळच्या वेळी, चोख. माझ्याच हातून. आणि ती बाई माझ्याच तोंडाकडे बघून विचारायची.

वही मी सारोल्ताबाईंसमोर टेबलावर ठेवली.

त्या बघत राहिल्या. मग एका राणीवर बोट ठेवलं, दुसरीवर ठेवलं. लाल रेघेपाशी आल्यावर म्हणाल्या, "हे मी काढलं." मग माझ्याकडे बघून, "पत्रं कुठे?"

"जाळली."

"कुणी?"

"माझ्या आईनं."

मग त्यांनी त्यांच्या चार वर्षांच्या भाषेत विचारलं, "काकू, तुझी आई वाईट होती?"

"मला ताप आला की रात्रभर मांडीवर घेऊन बसायची," मी म्हणाले. "आणि हेही तिनंच केलं. मला माहीत नाही, सारोल्ता. मला आज काहीच माहीत नाही."

अहो-बाई गळून पडलं ते तेव्हा. बाप तर एकच होता आमचा, हेही तेव्हाच ध्यानात आलं. तिचा अंगठा माझ्यासारखाच मागे वळलेला होता, बाबांसारखा. सकाळपासून तिचे हात माझ्या डोळ्यांसमोर होते.

"माझी आई कुठे मेली?" तिनं विचारलं.

"मेली नाही," मी म्हणाले. "ऊठ. बूट घाल."

आम्ही ट्राम पकडली. पुलावर सगळे प्रवासी नेहमीसारखे नदीकडे, राजवाड्याकडे, त्या सुंदर घुमटाकडे बघत होते. सारोल्तानं माझी बाही मुठीत धरली होती. मला आठवलं, मागच्या वर्षी आईच्या मातीला दुसऱ्या हलासकाकू आल्या होत्या, पांढरी फुलं घेऊन, लांब उभ्या राहिल्या होत्या. मी म्हटलं होतं, बाई किती रीतभात पाळतात. ती बिचारी आपल्या नवऱ्याच्या दगडावर आपलंच नाव वाचत उभी होती, आणि मी तिचे आभार मानले होते.

तीन जिने. दुसऱ्या मजल्यावर सारोल्ता थांबली. "मी दमली."

"थोडंच राहिलं."

पाटी तीच, पितळी, घासून घासून अक्षरं बोथट झालेली. हलास देनेश्ने. आयुष्यभर वाचलेलं नाव, आणि तिचं स्वतःचं नाव काय हे मला आजही ठाऊक नव्हतं. सारोल्ताला मी भिंतीकडे, दाराच्या आडोशाला उभं केलं. चौसष्ट वर्षांची म्हातारी, एकदम धक्का नको. हे मी कुणाला सांगत होते कोण जाणे. मी घंटी वाजवली.

चपलांचा आवाज आला. साखळी निघाली. काकूंच्या हाताला पीठ होतं. मला बघून त्यांनी ते एप्रनला पुसलं, माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि दर खेपेसारखं, उत्तराची वाट न बघता, आत वळता वळता विचारलं, "काही आलंय का गं बाहेरून?"

"हो काकू," मी म्हणाले, "आलंय," आणि बाजूला झाले.