पांढरी पट्टी

गाडी शिकवण्याच्या धंद्यात मी नाना तऱ्हेचे लोक पाहिले, पण गात गात शिकणारा हा पहिलाच. सिनेमा हलकाफुलका, गाण्यांचा. त्यात लोकांचा लाडका गायक शर्यतीतला ड्रायव्हर झाला होता आणि त्याला साधी गाडी मागे घेता येत नव्हती. त्याला शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं म्हणजे मीच मागून घेतलं, कारण सिनेमाला गाडी आमच्या दादाची लागणार होती.

दादा एकेकाळी शर्यती जिंकायचा. मग एका वळणावर भिंतीला जाऊन आदळला. हाडं जुळली, गाडीही त्याने स्वतःच्या हातांनी पुन्हा उभी केली, पण ती गॅरेजबाहेर काही निघेना. पुढच्या शर्यतीला नक्की, असं दरवेळी म्हणायचा आणि फडकं घेऊन बॉनेट पुसत बसायचा. वहिनीने विषय काढणंच सोडलं होतं. मला मात्र ते बघवत नव्हतं. सिनेमाच्या निमित्ताने गाडी बाहेर येईल, पाठोपाठ तोही येईल, असा माझा साधा हिशेब. त्याने हो म्हटलं, पण एक ओरखडा जरी आला तर चिमे, तुझी माझी ओळख नाही, असं बजावून.

गायकराव शिकायला वाईट नव्हते. क्लच तालात सोडायचे, गिअर समेवर टाकायचे. खोड एकच. वरचा सूर लागला की डोळे मिटायचे. गाणं लाउडस्पीकरवर वाजत असलं तरी नुसते ओठ हलवणं त्यांना कमीपणाचं वाटे, ते गायचेच. आणि संगीतकाराने वरचा सूर नेमका वळणावर आणून ठेवलेला. डोळे उघडे ठेवा, असं मी कानीकपाळी ओरडले. त्यांनी मान डोलावली. गाणाऱ्यांची मान डोलतच असते, तिच्यावर विसंबू नये हे मला कळायला हवं होतं.

शॉटच्या दिवशी दादा आणि वहिनी कडेला उभे, मी हातात वॉकीटॉकी घेऊन, तिची जोडीदार गाडीत. गाडी वळणाशी आली, सूर चढला, डोळे मिटले. मी जीव तोडून ओरडले, "साहेब, पांढरी पट्टी सोडू नका!"

मला रस्त्याच्या कडेची पट्टी म्हणायची होती. दिवसभर माझ्या तोंडी तेच असतं. पण ते पडले पेटीवाले. त्यांची पट्टी सुराची, आणि गाणं होतं पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीत, पांढरी दोनमध्ये. त्यांनी ती सोडली नाही, रस्ता सोडला. सूर जरासुद्धा न हलता गाडी टायरांच्या ढिगात जाऊन बसली.

माणूस धडधाकट, मडगार्ड चेपलेलं. वळण आता दुसऱ्या कोणाला तरी हेल्मेट घालून मारायला लावू, असं दिग्दर्शक म्हणाला. माझी शंभरी भरली म्हणून मी दादाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. या वेळची शर्यत तर चुकलीच म्हणायची, असं तो म्हणाला, आणि ते निमित्त मिळाल्याने इतकं सुटल्यासारखं की मला रडू आलं.

गायकराव त्याची माफी मागायला आले. डोळे मिटायची लहानपणापासूनची सवय, सुरात वर जाताना भीती वाटते, बघवत नाही, असं म्हणाले.

दादाने मडगार्डवरून हात फिरवला. "मीही डोळे मिटतो," तो म्हणाला. "वळणावर. तुम्हा सगळ्यांची नजर चुकवून एकदा गाडी काढली होती, तेव्हा कळलं."



"मग असं करू," गायकराव म्हणाले. "गाडी तुम्ही चालवा, मी कॅमेऱ्यात दिसणार नाही असा शेजारी वाकून बसतो. तुम्ही वळणाला डोळे उघडे ठेवा, मी वरच्या सुराला ठेवतो."

चेपलेला पत्रा चाकाला लागत होता, तो दोघांनी मिळून ओढून बाहेर काढला. चेपलेलं दिसू नये म्हणून कॅमेरा दुसऱ्या बाजूला गेला. दादाने गायकरावांचं हेल्मेट घातलं आणि पट्टा लावला. मी वॉकीटॉकी कानाशी धरली.

गाडी वळणाशी आली. गाडीतल्या वॉकीटॉकीचं बटण गायकरावांनी दाबून धरलेलं असावं, कारण वरचा सूर माझ्या हातातच वाजला. किंचित घसरलेला होता. चाक पांढऱ्या पट्टीला धरून वळलं.

मग जरा खरखर झाली आणि दादाचा आवाज आला. "चिमे, दिसलं. सगळं वळण दिसलं."